नट उरला, रंगमंच कुठे गेला?

अठराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, काबुकी नाटकांची चित्रे लाकडी ठशांवरून छापून स्वस्तात विकली जात. नवा खेळ लागला की चित्रे निघत आणि खेळ उतरला की त्यांची मागणीही उतरे. आज ती संग्रहालयांत मानाने टांगली जातात आणि वाहवा होते ती बहुधा चेहऱ्यांची. पण ही चित्रे नाटकाची म्हणवतात, तेव्हा त्यांत रंगमंच किती उरला आहे, हेही पाहायला हवे.

सुरुवातीला तोरीई घराण्याचे वर्चस्व होते. नाट्यगृहांबाहेरचे फलकही हेच लोक रंगवत. फुगीर पोटऱ्या, वळवळत्या जाड रेषा आणि मागे बहुतेक कोरा कागद. नट ओळखायचा तो कपड्यावरच्या घराण्याच्या चिन्हावरून. एकात एक तीन चौकोन दिसले की तो इचिकावा दान्जूरो.

१७४०च्या दशकात ओकुमुरा मासानोबूने युरोपीय यथादर्शन उचलले आणि अख्खे नाट्यगृह कागदावर आणले. छताच्या तुळया आणि दोन्ही बाजूंचे सज्जे आत खोल धावतात. प्रेक्षकांमधून मंचाकडे जाणारी हानामिची ही वाटही दिसते. मंच मात्र पार टोकाला, छोटासा. नजर रेंगाळते ती प्रेक्षकांवर: त्यांच्या खाण्यापिण्यावर, गप्पांवर. यथादर्शन अनेक ठिकाणी चुकते, पण नाटक ही गर्दीची गोष्ट आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखवले असेल.

१७६५च्या सुमारास बहुरंगी छपाई रुळली. कात्सुकावा शुन्शोने नटांना ओळखू येणारे चेहरे दिले. १७७०मध्ये त्याचा आणि बुन्चो या चित्रकाराचा पंख्याच्या आकारातल्या नटचित्रांचा संग्रह निघाला. आता गिऱ्हाईक चेहरा विकत घेऊ लागले.

या ओघात तोरीई कियोनागा वेगळा पडतो. १७८०च्या दशकातल्या त्याच्या चित्रांत नाचणाऱ्या नटांच्या मागे चौथऱ्यावर गायक आणि शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणारे बसलेले असतात, नटांइतक्याच निगुतीने काढलेले. संगीत नाटकात ऑर्गन-तबलजी डोळ्यांसमोर असूनही रसभंग होत नाही, हे आपल्याला सांगायला नको. कियोनागाने तीच गंमत पकडली: भ्रम आणि तो उभा करणारी माणसे एकाच चौकटीत.

आणि मग १७९४मध्ये शाराकू. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. गडद अभ्रकी पार्श्वभूमीवर २८ अर्धचित्रे. पुरुष नटाने वठवलेल्या स्त्रीच्या चेहऱ्याआडचा पुरुषही तो लपवत नाही. ताकद वादातीत आहे, पण मंच पुरता गायब. गंमत अशी, की पुढे त्याने पूर्णाकृती काढल्या, मागे झाडे-देखावे आणले, आणि जोर ओसरला. दहाएक महिन्यांत त्याचे काम थांबले. १७९४मध्येच तोयोकुनी या चित्रकाराने नटांच्या पूर्णाकृतींची मालिका सुरू केली. ती देखणी आहे, पण शाराकूची धार तिला नाही.

चेहऱ्यांचा चित्रकार म्हणून शाराकू थोरच. रंगमंचाचा चित्रकार म्हणून मात्र पहिला मान कियोनागाचा, आणि तो त्याला अजून पुरता मिळालेला नाही.