हीट आणि टेंपरेचर

‘हीट’ आणि ‘टेंपरेचर’ हे दोन इंग्रजी शब्द मुलांच्या उत्तरपत्रिकेत एकमेकांच्या जागी सर्रास येतात. आपण व्याख्या पाठ करून घेतो; पण या शब्दांचे व्याकरण व्याख्येपेक्षा बोलके आहे.

‘हीट’ हे नाम आहे तसेच क्रियापदही. पाणी ‘हीट’ करता येते, ‘टेंपरेचर’ करता येत नाही. नाम म्हणून ‘हीट’ सामान्यतः पाण्यापिठासारखी अगणनीय, म्हणून तिला ‘मच’ चालते. टेंपरेचर मात्र ‘हाय’ किंवा ‘लो’ असते आणि त्याचे अनेकवचनही सहज होते. याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. ३० अंशांच्या तांब्याभर पाण्यात तितक्याच तापमानाचे तांब्याभर पाणी ओतले, तर ६० अंश होत नाहीत. मात्र तेवढेच अंश चढवायला आता दुप्पट उष्णता लागते. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता घेतो. तापमापीतला पारा जागचा हलत नाही.

तरीही ‘हीट’ हे नाम फसवेच आहे. नाम म्हटले की वस्तू डोळ्यांसमोर येते. लावाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांच्या यादीत ‘कॅलरिक’ हे उष्णताद्रव्य घातले होते. जूलच्या १८४०च्या दशकातील प्रयोगांनंतर ते हळूहळू शास्त्रातून गेले, पण ‘पदार्थात साठलेली उष्णता’ असे आपण अजून लिहितोच. पदार्थात असते ती आंतरिक ऊर्जा. तापमानातील फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाते ती उष्णता. येथे क्रियापद नामापेक्षा प्रामाणिक म्हणावे लागेल.

मराठीनेही घोळ घातला आहे. जुन्या पुस्तकांतील ‘उष्णतामान’ या शब्दातच उष्णतेचे मोजमाप सुचवले जाते. ‘तापमान’ त्याहून बरा, जरी घरात ताप म्हणजे आजारपण. (इंग्रज तरी काय, ‘ही हॅज अ टेंपरेचर’ म्हणतो, जणू निरोगी माणसाला टेंपरेचरच नसते!)

‘हीट वेव्ह’ म्हणजे उष्णतेची लाट, पण ती ठरते तापमानावरून. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश असावे आणि ते सरासरीहून बरेच चढलेले असावे, असा हवामान खात्याचा निकष आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून विदर्भापेक्षा कमी तापमानातही कोकणातला माणूस हैराण होतो. त्याला ‘आज टेंपरेचर फार नाही’ असे सांगून काय उपयोग?