अर्जनहानी आणि जीवनसुख : एका निवाड्याचे परीक्षण

मालमोटारीच्या धडकेने हात गमावलेल्याची भरपाई कशी मोजावी? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील एका निवाड्यात याचे विवेचन आहे. डावा हात तुटल्यास वैद्यकीय अपंगत्व सुमारे ६० टक्के भरेल. पण वाहनचालकाची वा सुताराची अर्जनक्षमता जवळजवळ १०० टक्के नष्ट होते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. टक्केवारीमागील उपजीविका पाहणारी ही दृष्टी निःसंशय मोलाची. परंतु अर्जनहानी १०० टक्के धरल्यास जीवनसुखाच्या हानीबद्दल नाममात्र रक्कमच द्यावी लागेल, अन्यथा द्विरुक्ती होईल, हे त्यातील पुढील प्रतिपादन आम्हांस पटत नाही. मजुरी बुडणे आणि लेकराला दोन्ही हातांनी उचलता न येणे, ही हानी एकच कशी? कारकुनाला तर या दुसऱ्या हानीची भरपाई स्वतंत्रपणे मिळू शकते.