‘छावा’चा प्रेक्षक : शोक, गर्जना आणि शेजार

‘छावा’ हा सिनेमा म्हणून कसा आहे, हा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये कुणी फारसा विचारलाच नाही. विचारले गेले ते दोन वेगळेच प्रश्न : पाहिलात का, आणि रडलात का? पहिल्याला ‘नाही’ म्हटले तर खुलासा द्यावा लागे. दुसऱ्याला ‘नाही’ म्हटले तर समोरचा माणूस जरा सरकून बसे. लक्ष्मण उतेकर यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारीला लागला आणि देशात सुमारे सहाशे कोटींचा गल्ला जमवून गेला. पण त्याचा खरा इतिहास तिकीटबारीवर घडला नाही, तो प्रेक्षागृहाच्या अंधारात आणि बाहेर पडल्यावरच्या उजेडात घडला. या लेखाचा विषय तेवढाच आहे. विकी कौशलचा अभिनय, रहमानचे संगीत यांवर पुष्कळ लिहून झाले आहे.

सुरुवात सिनेमा लागण्याच्या आधीपासून करावी लागते. जानेवारीत झलक प्रसिद्ध झाली. तिच्यात संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले, आणि गदारोळ उठला. छत्रपती असे नाचतील का, असा सवाल झाला. सरकारमधील मंत्र्यांनी चित्रपट आधी जाणकारांना दाखवा अशी मागणी केली, दिग्दर्शक राज ठाकरे यांना भेटून आले आणि तो प्रसंग काढून टाकल्याचे त्यांनी जाहीर केले. लेझीम ही काही दरबारी नाचगाण्याची गोष्ट नव्हे. शाळेच्या पटांगणापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत अंगमेहनतीचा हा खेळ महाराष्ट्र खेळत आला आहे. तरीही तो गेला. मग पडद्यावर राहिले काय? शेवटच्या भागात साखळदंडांत जखडलेला देह, उपटलेली नखे, जखमांवर मीठ, डोळ्यांजवळ येणारी तापलेली सळई, जीभ. ते सगळे जवळून, सावकाश, पडदा भरून. त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही. राजाचा आनंद आम्हाला अपमान वाटतो आणि राजाच्या यातना आम्हाला आदर वाटतात, ही या सिनेमाच्या प्रेक्षकाची पहिली खूण. मला ती सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

ही खूण आजची नाही. संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा प्रवास म्हणजे दोनशे वर्षांतल्या वाचक-प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचाच प्रवास आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी मृत्युदंड दिला, त्यांच्याच घराण्यातला हा बखरकार. त्याने रंगवलेला व्यसनी, उतावळा राजपुत्र ग्रँट डफने उचलला, तिथून तो नाटकांत आला. गडकऱ्यांच्या अपुऱ्या ‘राजसंन्यास’मध्ये तो आहेच. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र आले, पुढे कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले, आणि कागदपत्रांच्या आधारे हा डाग पुसला गेला. ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतज्ञ, नऊ वर्षे अनेक आघाड्यांवर लढणारा राज्यकर्ता दिसू लागला. कानेटकरांची ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ ही नाटके याच काळातली, आणि १९७९ ची शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी या बदलाचे सर्वांत लोकप्रिय फळ. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला, तेव्हा तीही नाटकाला मिळालेली प्रेक्षकाची प्रतिक्रियाच होती. फक्त जवळपास शंभर वर्षे उशिरा आलेली.

डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत अजित पवार म्हणाले की संभाजी महाराज ‘स्वराज्यरक्षक’ होते, ‘धर्मवीर’ नव्हे. त्यावरून आंदोलने झाली. ‘छावा’चा प्रेक्षक या दोन शब्दांच्या मधोमध बसलेला होता. सिनेमाच्या पहिल्या भागात बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून लढाया आहेत, कटकारस्थाने आहेत. हा स्वराज्यरक्षकाचा सिनेमा. शेवटचा भाग धर्मवीराचा. आणि लोक बाहेर घेऊन आले तो शेवटचाच भाग.

मी हा सिनेमा चेंबूरला दोनदा पाहिला, एकदा पहिल्या आठवड्यात संध्याकाळी आणि एकदा आडवारी सकाळी. ट्रॉम्बेहून सिनेमाला जायचे तर चेंबूरच गाठावे लागते. संध्याकाळच्या खेळाला कुटुंबे होती. प्रमाणपत्र सोळा वर्षांवरच्यांसाठीचे, पण कडेवरची पोरे आत होती. छळाचे दृश्य सुरू झाले तेव्हा माझ्या रांगेतल्या एका बाईने मुलाचे डोळे झाकले, आणि मग स्वतःच हात काढून घेतला. बघ, म्हणाली. मागे कुणीतरी पडद्यावरच्या राजाबरोबर ‘जगदंब, जगदंब’ पुटपुटत होते. संपल्यावर कुणी उठले नाही. मग पुढच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला, त्याने गारद दिली आणि अख्खे प्रेक्षागृह उभे राहून ओरडले. सकाळच्या खेळाला वीस-पंचवीस माणसे होती, बहुतेक उतारवयाची. त्यांपैकी दोघांच्या बोलण्यावरून कळले की कादंबरी त्यांनी तरुणपणी वाचलेली होती. तेही रडले. गर्जना मात्र झाली नाही. दिवे लागले, चष्मे पुसले, माणसे जिना उतरली.

रडणे दोन्हीकडे सारखे होते, हे नोंदवले पाहिजे. हा सिनेमा ‘भडकाऊ’ म्हणून मोडीत काढणारे समीक्षक इथेच चुकतात. ते रडणे खोटे नव्हते आणि ते द्वेषातून आलेले नव्हते. त्याचे गोत्र सिनेमातही नव्हते. फाल्गुनात एक महिना आवडीचा पदार्थ सोडून, कुणी अनवाणी राहून ‘बलिदान मास’ पाळणारी तरुण मंडळी महाराष्ट्रात आधीपासून आहेत. ११ मार्च १६८९ ला तुळापूर-वढूच्या परिसरात जे घडले, त्याचा शोक करण्याची रीत तयार होत होतीच. सिनेमाने तिला देह दिला. हा शोक ज्या प्रकारचा आहे, तो आमच्या भागाला अपरिचित नाही. शेजारी गोवंडीत मोहरमचा मातम होतो. ख्रिस्ती घरांत गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेवरचा एकेक मुक्काम डोळ्यांपुढे आणला जातो. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत उचलायला हिंदू खांदेही असतात. जुलमी सत्ता, एकटा पडलेला न्यायी पुरुष, आपल्यांतल्याच कुणाचा दगा, नकार, यातना आणि मरणातला विजय : सांगाडा तोच. सिनेमातला औरंगजेबही शेवटी जिंकूनही हरल्याची भाषा बोलतो. श्रद्धा वेगवेगळ्या आहेत, त्यांची बरोबरी मी करत नाही. शोकाची घडण सारखी आहे, इतकेच म्हणतो.

फरक आहे तो शेवटात. ताबूत ठरलेल्या वाटेने जातो आणि थंडा होतो. गुड फ्रायडेनंतर तिसऱ्या दिवशी ईस्टर येतो. शोकाला तिथि असते, वाट असते, विसर्जन असते. अडीच तासांच्या सिनेमाला विसर्जन नसते. जिवाचा थरकाप उडवून तो तुम्हाला वाहनतळावर सोडून देतो, हातात तो शोक तसाच. मग प्रेक्षकच विसर्जन शोधू लागतो. बहुतेकांना ते गारदेत सापडले, आणि तिथे ते संपले. काहींनी दिल्लीत अकबर रोडच्या पाटीला काळे फासले. गुजरातेत एकाने छळाचे दृश्य चालू असताना पडदाच फाडला. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि धातुशोधक घेऊन मोगलांचा खजिना खणायला लागले. सिनेमा इतका शब्दशः घेणारा दुसरा प्रेक्षक मला माहीत नाही, आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत निरुपद्रवी तोच.

एक प्रतिक्रिया मात्र झालीच नाही, आणि तिच्या नसण्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. सिनेमात राजा पकडला जातो तो दग्याने. गणोजी आणि कान्होजी यांची नावे पडद्यावर उच्चारली जातात. संगमेश्वरची खबर नेमकी कुणी दिली यावर इतिहासकारांत एकमत नाही, तरी सिनेमाने निकाल देऊन टाकला. शिर्के घराण्याच्या वंशजांनी शंभर कोटींच्या दाव्याचा इशारा दिला, आणि आपण आडनाव वा गाव घेतले नसल्याचे सांगत उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. पण बाकीच्या प्रेक्षकाला या दग्याचे काही वाटले नाही. मी पाहिलेल्या दोन्ही खेळांत फितुरीच्या प्रसंगाला सन्नाटा होता. घरभेद्याचा राग धरला तर तो आपल्याच घरात धरावा लागतो. औरंगजेबाचा राग धरायला सोपा.

त्या रागाला मार्चमध्ये पत्ता मिळाला. मानखुर्द-शिवाजीनगरचे आमदार अबू आझमी, म्हणजे आमच्या शेजारच्याच मतदारसंघाचे, यांनी औरंगजेबाला क्रूर शासक मानायला नकार दिला. त्यांनी शब्द मागे घेतले, तरी ५ मार्चला ते अधिवेशन संपेपर्यंत निलंबित झाले. खुलताबादची कबर हटवण्याची मागणी जोर धरू लागली. १७ मार्चला नागपुरात त्याच मागणीच्या आंदोलनानंतर, जाळलेल्या चादरीवर धार्मिक मजकूर होता अशी अफवा पसरली आणि महाल भागात हिंसाचार झाला. एका माणसाचा त्यात जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी सभागृहात ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना प्रज्वलित झाल्याचे सांगितले. हे विधान मला अर्धेच पटते. भावना सिनेमाने पेटवल्या असतील, पण सिनेमा मोर्चा काढत नाही, अफवा पसरवत नाही. ती कामे माणसे करतात. आणि महिनाभर आधी, २१ फेब्रुवारीला, दिल्लीच्या साहित्य संमेलनात पंतप्रधानांनी याच सिनेमाची धूम असल्याचे कौतुकाने सांगितले होते. त्या मांडवात बसलेल्या आम्हा साहित्यिकांनी टाळ्या वाजवल्या. सावंतांच्या कादंबरीचे नाव घेतले गेले म्हणून आम्हाला बरे वाटले. कादंबरीतून सिनेमात येताना काय गळले, हे मात्र आमच्यापैकी कुणी तेव्हा विचारले नाही. कवी राजा गळला होता.

राहिला न गेलेला प्रेक्षक. १९७६ मध्ये आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी उठवून हजारो माणसे ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमध्ये आणून टाकली गेली. आज तिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, तमिळ आहेत, मराठी आहेत. अलीकडे कोळीवाडा, पलीकडे अणुशक्तीनगर. सिनेमा हिंदीत होता. मराठीत असता तर कदाचित मराठी माणसाचे मराठी माणसाशी बोलणे राहिले असते. हिंदीत असल्यामुळे तो शेजाऱ्यालाही पूर्ण ऐकू येत होता. त्या दोन महिन्यांत रिक्षांतून, मिरवणुकांतून, मोबाइलवरून त्याचे संवाद ज्यांच्या कानावर येत होते, त्यांतले कितीतरी जण प्रेक्षागृहात पाऊल ठेवायला तयार नव्हते. भीती म्हणाल तर ती मारहाणीची नव्हती. सगळे उभे राहतील तेव्हा आपण काय करायचे, ही होती.

११ एप्रिलला ‘छावा’ नेटफ्लिक्सवर आला. चिता कॅम्पातला एक विशीतला मुलगा, आमच्या इमारतीत वायरिंगचे काम करतो, त्याने तो कानांत इअरफोन घालून दोन रात्रींत पाहिला. कसा वाटला विचारले. म्हणाला, “आखरी में रोना आया, सर.” मग वायर सोलता सोलता बराच वेळ काही बोलला नाही. काम आवरल्यावर त्याने मला विचारले, संभाजी महाराजांनी खरेच पुस्तक लिहिले होते का? कुठल्यातरी व्हिडिओत त्याने ऐकले होते. मी त्याला ‘बुधभूषण’चे नाव लिहून दिले. संस्कृत आहे, म्हटले, पण मराठी भाषांतर मिळते. त्याने चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली.