मोल्सवर्थच्या कोशातील ‘हुंडेकरी’

मुंबई व तिची उपनगरे यांचा युरोपच्या मालवाहतुकीशी असलेला संबंध हा इतिहासाचा व अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. कोशाचा पुरावा त्यात क्वचितच तपासला जातो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यापूर्वी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली होती; घाटकोपर व मुलुंड ही याच मार्गावरची गावे. भोर घाटातील लोहमार्ग मात्र १८६३ साली खुला झाला. म्हणजे ही आवृत्ती निघाली तेव्हा देशावरचा कापूस अद्याप बैलांवर व गाड्यांतून घाट उतरे, पनवेलीस पडावात चढे आणि मुंबईहून केपला वळसा घालून लिव्हरपूलकडे जाई. हा व्यवहार चालू असतानाच त्याची भाषा कोशात उतरली, हे या कोशाचे खरे मोल.

‘हुंडेकरी’ हा शब्द पाहावा. वाटेतील जकात व इतर पट्ट्या आपणच भरून माल पोहोचविण्याचा एकरकमी करार करणारा तो हुंडेकरी. अशा कराराचा दर ते हुंडाभाडे. भाडे आणि हुंडाभाडे यांतील भेद जोखमीचा आहे. वाटेतला भुर्दंड कोणाच्या माथी, हे त्या एका पूर्वपदाने ठरते.

कोशाची उणीवही येथेच जाणवते. वर्णानुक्रमामुळे हुंडी, हुंडणावळ, हुंडेकरी हे शेजारी येतात खरे; पण ज्यांच्याशी त्यांचा नित्य व्यवहार, ते जकात, पडाव, बंदर दूर विखुरतात. शिवाय प्रयोगांची दिनांकित अवतरणे नाहीत. हुंडेकऱ्याचा करार बंदराशी संपे की जहाजापर्यंत जाई, हे केवळ कोशावरून ठरविता येत नाही. त्यासाठी व्यापाऱ्यांच्या जुन्या दप्तरांकडेच वळावे लागेल.

१८६३ नंतर कापूस मुलुंड-घाटकोपरवरून न उतरता थेट बंदराकडे जाऊ लागला, आणि १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर केपचा वळसाही टळला. आज ‘हुंडेकरी’ बहुतेकांस आडनाव म्हणूनच ठाऊक असतो. (१ जुलै २०१७ रोजी मुंबईतील जकातही गेली, मुलुंडचा ‘चेक नाका’ पत्त्यात मात्र आहेच. स्थलनामे अशी चिवट असतात.)

काम मात्र संपलेले नाही. अंधेरीजवळच्या सहार विमानतळावरून फळे व औषधे युरोपास जातात. तेथे कर व हाताळणी धरून घरपोच दर सांगणाऱ्यास ‘फॉरवर्डर’ म्हणतात, आणि मराठी मजकुरात त्याचा सरसकट ‘मालवाहतूकदार’ होतो. हे भाषांतर सदोष आहे. फॉरवर्डर स्वतःचे विमान वा ट्रक बाळगीलच असे नाही. हुंडेकऱ्याचेही मर्म करारात होते, बैलांत नव्हे. ‘अग्रेषक’ हा घडीव शब्द टपाल पुढे धाडणाऱ्या कारकुनास शोभेल. जकातीची जोखीम त्यात कोठे आहे? ‘हुंडा’ या शब्दाच्या आजच्या निंद्य अर्थामुळे नवा वाचक बिचकेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘हुंडी’ उच्चारताना कोणी बिचकत नाही. मग हुंडेकऱ्यानेच काय केले आहे?