शाळापूर्व तयारी : नोंद कशाची होते?

महाराष्ट्रात २०२२ सालापासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान राबविले जाते. एप्रिलमध्ये एक मेळावा, शाळा सुरू होण्याच्या सुमारास दुसरा, आणि मधल्या काळात माता-गटांमार्फत घरी करून घ्यायच्या कृती, अशी त्याची रचना आहे. मेळाव्यात नावनोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबले मांडलेली असतात. उड्या मारणे, चित्र रंगविणे, वस्तूंचे वर्गीकरण, कमी-जास्त ओळखणे अशा कृती मूल करते आणि विकासपत्रावर त्याची नोंद होते. या उपक्रमाचे कौतुक झाले आहे व ते अस्थानी नाही. अक्षरे घोटून घेण्याऐवजी खेळ घेणे आणि आईला आधीच शाळेत बोलावणे, या दोन्ही गोष्टी आम्हांला मोलाच्या वाटतात. आमचा आक्षेप आहे तो नोंदीविषयी.

शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंबेरीची रोपे वाढवायची, त्यांच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, हे काम येथे घरोघर चालते. या भागातील एका शाळेच्या मेळाव्यात आम्ही वर्गीकरणाच्या टेबलाजवळ उभे होतो. बाईंनी साहित्य म्हणून आवारातली व शेजारच्या रोपवाटिकेतली पाने आणली होती. मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे, अशी अपेक्षा होती. रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाईची साडेपाच-सहा वर्षांची मुलगी आली. तिने एक पान चुरगाळले, हुंगले आणि ढीग करू लागली. दोन्ही ढिगांत लहानमोठी पाने होती. ‘मदतीची गरज’ अशी नोंद होऊन ती पुढच्या टेबलाकडे गेलीसुद्धा. आम्ही मागाहून पाने हाताळून पाहिली तेव्हा उलगडा झाला. एका ढिगात सगळी जंबेरी होती, दुसऱ्यात संत्रा.

यात बाईंना दोष देण्यासारखे काही नाही. मागे वीस मुले रांगेत, बाहेर ऊन चढत चाललेले. परंतु मोजमापाचा विचार केला तर काय झाले? वर्गीकरण म्हणजे एखादा गुणधर्म निवडून तो शेवटच्या वस्तूपर्यंत सांभाळणे. मुलीने नेमके तेच केले, तेही आकारापेक्षा अवघड गुणधर्म घेऊन. आपण मोजले ते मात्र आपल्या मनातला गुणधर्म तिला ओळखता आला की नाही, एवढेच.

बालमानसशास्त्रात हा धडा जुना आहे. झां पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात मुलापुढे सारख्या संख्येच्या दोन रांगा ठेवतात, मग एक रांग पसरवून पुन्हा विचारतात, ‘आता कुठे जास्त?’ लहान मुले बहुधा लांब रांग दाखवितात. १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक छोटासा बदल केला. रांग मोठ्या माणसाने नव्हे, तर एका ‘खोडकर’ अस्वलाच्या बाहुल्याने विस्कटली. आता कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलविले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटते, असा अर्थ त्यातून निघतो. म्हणजे मूल संख्येचा विचार करता करता विचारणाऱ्याचाही विचार करीत असते. अनोळखी वर्गखोलीत, आई खिडकीतून खुणा करीत असताना, हे अधिकच घडणार!

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. २०२४ साली राज्यात इतरत्र शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भात उन्हामुळे १ जुलैला. एप्रिलमधली नोंद आणि पहिला दिवस यांत आमच्याकडे दोन महिन्यांहून जास्त अंतर पडले. या वयात दोन महिने थोडे नव्हेत. एप्रिलचे विकासपत्र जुलैत शिळे झालेले असते. शिवाय माता-गटाने एकत्र बसायचे ते याच काळात, जेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि मजुरीच्या बाया दिवस उगवताच कामाला निघतात. घरी करायच्या कृती चांगल्या आहेत, पण त्यासाठी वेगळे साहित्य कशाला? एप्रिल-मे मध्ये आंबिया बहाराची गळलेली हिरवी फळे झाडाखाली हवी तेवढी पडलेली असतात. मुले ती मोजतात, ओळीत लावतात, नेम धरून फेकतात.

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केले तेव्हा आदिवासी मुले शाळेत येईनात. त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली आणि दगड, शिंपले, पाने हेच साहित्य केले. आज अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला आहे, पण तयारी आधी शाळेने करायची, हा त्यामागचा क्रम आम्हांला अजून बरोबर वाटतो.

शिक्षकांनी अभियान मोडावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. विकासपत्र भरताना एकच प्रश्न वाढवावा : ‘तू हे कसं लावलंस?’ मूल जे सांगेल ते त्याच्याच बोलीत मागच्या कोऱ्या बाजूस लिहून ठेवावे. मूल बोललेच नाही तर खूण करण्याची घाई न करता जागा मोकळी सोडावी आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्ग ओळखीचा झाल्यावर, तीच पाने पुन्हा पुढे ठेवावीत. वीस मुलांना मिळून एखादी सकाळ पुरेल.