आवाज न चढवणारा गायक

इथे नेदरलँड्समध्ये गाडीतला रेडिओ लावला की अधूनमधून सेलिन दिआँ भेटतेच. क्युबेकच्या या गायिकेची बरीचशी इंग्रजी गाणी शेवटाकडे वरच्या पट्टीत चढतात आणि श्रोत्याला शरण आणतात. पण १९९५ च्या फ्रेंच संग्रहात संगीतकार झाँ-जाक गोल्डमन यांनी तिला आवाज आवरायला लावला. माझ्या मते तीच तिची उत्तम गाणी. ती ऐकताना मला अरुण दाते (१९३४-२०१८) आठवतात.

दाते इंदूरचे, शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनिअर, वर्षानुवर्षे नोकरी सांभाळून गाणारे. (आपल्यातल्या अनेकांना ही कसरत ओळखीची वाटेल!) त्यांचा आवाज मर्यादित होता, असे म्हणणारे भेटतात. पल्ला मोठा नव्हता हे खरेच. पण खळ्यांची ‘शुक्रतारा’ची चाल एकदा स्वतः गाऊन पाहा. सुधा मल्होत्रांसोबतच्या त्या गाण्यात दाते ओळीचा शेवट तोडत नाहीत, अलगद विरवतात. पाडगावकर आणि यशवंत देव यांचे भातुकलीचे गाणे मला त्याहूनही सरस वाटते. राजाराणीची ताटातूट ते सांगतात, रडून दाखवत नाहीत. अर्थात अशी पाच गाणी ओळीने ऐकली की कान सुस्तावतात, हेही नोंदवतो.

खरी अडचण वेगळीच आहे. दिआँ भाषा न कळताही पोचते. दात्यांचे गाणे शब्दाविना निम्मेच उरते. म्हणून इथे वाढणाऱ्या मुलांना मी आधी कविता वाचून दाखवतो, मग गाणे लावतो. भातुकली म्हणजे काय, हे सांगण्यातच पहिली दहा मिनिटे जातात.