अर्थाशेजारचा रिकामा रकाना

बाळाच्या नावांच्या याद्यांतला ‘अर्थ’ हा रकाना मला कायम अपुरा वाटत आलाय. ज्वालामुखीवरून नाव हवं असेल तर अशा याद्या एटना, पेले सुचवतात आणि समोर लिहितात, ‘आग’. कोल्हापुरात बसून हे वाचताना हसू येतं. वायव्येला वाडी रत्नागिरीचा डोंगर दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचे थर थिजून झालेला. त्यावरचं जोतिबाचं देऊळही त्याच काळ्या दगडाचं. जोतिबालाच केदारनाथ म्हणतात. आमच्या वर्गात एखादा जोतिराम, एखादा केदार असायचाच. यादीत त्यांचे अर्थ ‘ज्योत’ आणि ‘शंकर’. डोंगर गायब.

११ एप्रिल १८२७ला जन्मलेल्या फुल्यांचं जोतीराव हे नाव त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती म्हणून ठेवलं, असं सांगतात. तिथं तिथी, देव आणि डोंगर आधी आले, नाव मागून. यादीत नाव आधी निवडायचं आणि कारण मागून चिकटवायचं. म्हणून माझी मागणी साधी आहे: ‘अर्थ’च्या शेजारी ‘कुठून आलं’ हाही रकाना छापा.